सार्वजनिक डिजिटल ग्रंथालय आणि आपला तालुका : एक अभ्यास

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

ग्रंथालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. काचेची कपाटे, ‘शांतता राखा’ ही पाटी आणि देवघेवीच्या खिडकीशी कार्ड हातात घेऊन उभे असलेले आपण. या चित्रामागे महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली व मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली स्थापन झाले. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला आणि गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. या परंपरेचे ऋण आपण सारेच मानतो.

परंतु कर्जत-खालापूरकडच्या विद्यार्थ्याला एक अडचण नेहमीच जाणवत आली आहे. पाठ्यपुस्तके, कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तके येथे मिळतात. मात्र ज्याला आपल्याच तालुक्याविषयी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काय लिहिले गेले ते पाहावयाचे आहे, त्याला गाडी पकडून दादर, ठाणे किंवा पुणे गाठावे लागे. एक दिवस प्रवासात जाई, दुसरा ओळखपत्र व परवानगी मिळविण्यात, आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक बांधणीला गेल्याचे कळे. मुंबईपासून गाडीने दोन तासांवर असूनही आपला तालुका ग्रंथांच्या बाबतीत फार दूर होता.

ही अडचण आता पुष्कळ अंशी दूर झाली आहे, याचे श्रेय सार्वजनिक डिजिटल ग्रंथालयांना द्यावे लागेल. वर्गातील बहुतेकांच्या हाती मोबाईल आहे आणि त्यात ही ग्रंथालये विनाशुल्क उघडतात. तरीही आपण त्यांचा उपयोग एखादी नोट्सची प्रत उतरवून घेण्यापलीकडे फारसा करीत नाही. गेल्या वर्षी खालापूर पेट्याच्या इतिहासावर निबंध लिहिण्याच्या निमित्ताने मला या ग्रंथालयांत बराच काळ घालवता आला. त्यावरून माझे असे मत झाले की, डिजिटल ग्रंथालय हे एक ग्रंथालय नसून अनेक हातांनी, अनेक हेतूंनी केलेल्या संग्रहांचा समूह आहे. आणि हे ओळखल्याशिवाय त्याचा खरा लाभ होत नाही. प्रस्तुत लेखात हे मत उदाहरणांसह मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

१. एक मैदान, अनेक पथारी

आठवडे बाजाराचे उदाहरण घेऊ. मैदान एकच असते, परंतु भाजीवालीची पाटी वेगळी, सुक्या मासळीची वेगळी, भांडी विकणाऱ्याची पथारी वेगळी. मैदानाची व्यवस्था पाहणारा प्रत्येकाचा माल तपासत बसत नाही. तो जागा देतो. मालाची पारख गिऱ्हाइकाने करावयाची असते. सार्वजनिक डिजिटल ग्रंथालयाची रचना थोडीफार अशीच आहे.

या कल्पनेचा प्रारंभ अमेरिकेत झाला. १९७१ साली इलिनॉय विद्यापीठातील मायकेल हार्ट या तरुणाने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित करून सर्वांसाठी खुला केला. त्यातून ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’ हा उपक्रम उभा राहिला. पुढे १९९२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एक सार्वजनिक संग्रह सुरू झाला, त्याला २००० साली ‘आयबिब्लिओ’ हे नाव मिळाले. गुटेनबर्गची पुस्तके, लिनक्स या संगणकप्रणालीची माहितीपत्रके, लोकगीतांची ध्वनिमुद्रणे असे एकमेकांशी काहीही नाते नसलेले संग्रह त्याने एका छपराखाली ठेवून घेतले. संग्रह ज्याचा त्याने सांभाळावा, ग्रंथालयाने जागा द्यावी आणि दार सर्वांना उघडे ठेवावे, असे त्याचे सूत्र होते. १९९६ साली ब्रूस्टर काहले यांनी स्थापन केलेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’ने हेच सूत्र फार मोठ्या प्रमाणावर राबविले. आज मराठी वाचक जुन्या पुस्तकासाठी बहुधा याच दारात जाऊन पोहोचतो.

२. मराठी वाचकासाठी मुख्य संग्रह

आपल्या उपयोगाचे संग्रह पुष्कळ आहेत. त्यांतील काही प्रमुखांची ओळख करून देतो.

पहिला संग्रह ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चा. या शतकाच्या आरंभी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने व अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सहकार्याने देशभरच्या ग्रंथालयांतील पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे घेण्याचे काम सुरू झाले. काही लाख पुस्तके अशी उतरविली गेली व त्यांत मराठी पुस्तकेही आहेत. काम घाईचे होते; कोठे पाने गळाली आहेत, कोठे पान तिरपे आले आहे. तथापि जी पुस्तके पुन्हा छापली जाण्याची शक्यता नव्हती, ती या कामामुळे वाचली.

दुसरा संग्रह सरकारी आहे. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने जुनी-नवी गॅझेटिअरे खुली केली. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने विनामूल्य वाचावयास मिळतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून ज्याची उभारणी केली, त्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. आज त्यातील नोंदी कोणालाही घरबसल्या पाहता येतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानेही आपल्याकडील दुर्मीळ पुस्तके व जुने अहवाल याच पद्धतीने वाचकांपुढे ठेवले आहेत.

तिसरा संग्रह कोशांचा. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती आहे, १९३२ पासून खंडशः निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोशही आहे. ‘वरकस’, ‘खलाटी’ असे जमिनीचे शब्द आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत नाहीत. अशा शब्दांसाठी हे कोश मी पुन्हा पुन्हा उघडले.

चौथा संग्रह मराठी विकिस्रोताचा. येथे केवळ छायाचित्र नसते, तर पानावरील मजकूर अक्षरशः टंकित केलेला असतो. हे काम स्वयंसेवक करतात. मूळ पानाचे चित्र एका बाजूला व टंकित मजकूर दुसऱ्या बाजूला ठेवून एक जण मुद्रितशोधन करतो, तेव्हा त्या पानाची खूण पिवळी होते. दुसऱ्या व्यक्तीने तेच पान पुन्हा ताडून पाहिले म्हणजे ती हिरवी होते. एकाच माणसाला दोन्ही कामे करता येत नाहीत. ही शिस्त मला फार शिकण्यासारखी वाटली.

पाचवा संग्रह मात्र ग्रंथांचा नाही, आवाजांचा आहे. फ्रान्समधून येऊन भारतात स्थायिक झालेले गी प्वातवाँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या काळात जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे काम हाती घेतले. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातील बायका त्यांच्या सोबतीला होत्या. महाराष्ट्राच्या शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साह्याने अनेकींचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. प्वातवाँ २००४ साली निवर्तले. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या ग्रामीण भारताच्या दालनातून लोकांपुढे येऊ लागला. घाट चढून वर गेले की मुळशी-मावळ लागते. तेथल्या बायकांचे गाणे आज खोपोलीत बसून ऐकता येते.

३. आपला तालुका कोठे शोधावा?

इतकी भांडारे उघडी असताना ‘खालापूर’ असे लिहून शोधले की सारे पुढ्यात येईल, अशी कोणाची समजूत होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. त्याची कारणे जाणून घेणे हाच या अभ्यासातील महत्त्वाचा धडा आहे.

पहिले कारण, सीमा बदलतात. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली मुंबई इलाख्याची जी गॅझेटिअरे निघाली, त्यांतील कुलाबा व जंजिऱ्याचा अकरावा खंड १८८३ सालचा आहे. आपण आज रायगड जिल्ह्यात राहतो व रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा, म्हणून विद्यार्थी साहजिकच तो खंड उघडील. परंतु त्या काळी कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता व खालापूर हा त्या तालुक्याचा पेटा होता. कर्जत कुलाब्याला जोडले गेले ते १८९१ मध्ये. तेव्हा आपली माहिती कुलाब्याच्या खंडात नसून १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाण्याच्या तेराव्या व चौदाव्या खंडांत शोधली पाहिजे. पुढे १९६४ सालच्या कुलाबा जिल्हा गॅझेटिअरात मात्र आपण कुलाब्यातच सापडतो. आणि ‘रायगड’ हे जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासूनचे असल्यामुळे त्यापूर्वीच्या कोणत्याही कागदात जिल्हा म्हणून ते मिळणार नाही. ज्याला हा क्रम ठाऊक नाही तो एक खंड चाळून ‘आमच्या भागाविषयी काही लिहिलेलेच नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होईल.

दुसरे कारण, नावांचे लेखन बदलते. कॅम्बेलच्या खंडांत रोमन अक्षरांवर तिरक्या रेघा देऊन गावांची नावे छापली आहेत. आजच्या साध्या वर्णलेखनाने शोध घेतला तर यंत्राला ती पुष्कळदा ओळखता येत नाहीत. खोपोलीचे नाव जुन्या इंग्रजी लिखाणात ‘खोपिवली’ असे येते, तर रेल्वेच्या जुन्या कागदांत ‘कॅम्पूली’ असे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियामध्ये तर मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी नोंदविली आहेत. त्यामुळे एकच शब्द चार तऱ्हांनी लिहून पाहावा लागतो. ग्रंथकाराच्या नावाने शोध न लागल्यास प्रकाशनाच्या वर्षावरून शोधावे. तेही न साधल्यास विषयाच्या शब्दावरून.

तिसरे कारण, यंत्राला जुने मराठी टाइप नीट वाचता येत नाहीत. शिळाप्रेसवर छापलेली पोथी किंवा खिळे झिजलेले जुने जोडाक्षर त्याच्या दृष्टीने नुसता डाग असतो. शोधाला उत्तर आले नाही याचा अर्थ पुस्तकात ती गोष्ट नाही असा होत नाही. अनुक्रमणिका पाहावी, शेवटची सूची पाहावी, आणि संबंधित प्रकरण पान-पान उलटून वाचावे. ग्रंथपाल आपल्याला कपाटासमोर उभे राहून हेच करावयास सांगतात. मोबाईल हाती आला म्हणून हा जुना रिवाज सुटता कामा नये.

चौथे असे की, एकाच गावाची माहिती अनेक ठिकाणी विखुरलेली असते. रेल्वे खोपोलीला १८५६ साली आली आणि बोरघाटातून पलीकडे १८६३ साली गेली, म्हणून खोपोली रेल्वेच्या इतिहासात आहे. टाटांचे जलविद्युत केंद्र तेथे १९१५ साली सुरू झाले, म्हणून ती विजेच्या व मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासातही आहे. उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची कोंडी केली, म्हणून आपला तालुका मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत आहे. माथेरानचे भाई कोतवाल २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले, म्हणून स्वातंत्र्यलढ्याच्या कागदांतही हा परिसर येतो. ‘कर्जत’ किंवा ‘खालापूर’ असे लेबल लावलेले एक कपाट कोठेही नाही. ते आपण आपल्या वहीत तयार करावयाचे असते. त्यासाठी प्रत्येक नोंदीसोबत खंड, वर्ष, पृष्ठ आणि कोणत्या संग्रहातील प्रत पाहिली हे लिहून ठेवण्याची सवय मी लावून घेतली व तिचा मला फार उपयोग झाला.

४. कोणी जमविले आणि कशासाठी?

सापडलेल्या मजकुराचे मोल ठरविताना संग्राहकाचा हेतू लक्षात घेतला पाहिजे. गॅझेटिअर हे राज्यकारभारासाठी तयार झाले. नवा अधिकारी जिल्ह्यात आला की त्याला लोकसंख्या, पिके, सारा, रस्ते, बाजार, किल्ले यांची माहिती एका ठिकाणी मिळावी हा त्याचा उद्देश. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली माहिती त्यात एकत्र केली गेली. ठाण्याच्या खंडांना तर पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या थोर पुरातत्त्वज्ञाचे साह्य लाभले होते. त्यामुळे या खंडांची योग्यता मोठी आहे.

परंतु त्यांतील जाती-जमातींची वर्णने वाचताना सावध राहावे लागते. आपल्या डोंगरांत ठाकूर आणि कातकरी यांची वस्ती फार जुनी. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून कातकरी हे नाव पडले, अशी माहिती जुन्या-नव्या सर्वच लेखनात येते आणि ती उपयुक्त आहे. पण एका संपूर्ण जमातीला दोन शब्दांत आळशी, व्यसनी किंवा चोर ठरवून टाकण्याची त्या काळच्या अधिकाऱ्यांची सवयही त्या लेखनात उतरली आहे. जंगल राखीव करून ज्यांचे जगण्याचे साधन काढून घेतले, त्यांच्याच स्वभावाला दोष देणे सोपे होते. आपल्या वर्गात आज ज्या वाड्यांतील मुले-मुली बसतात, त्यांनी हे वर्णन पणजोबांविषयी वाचले तर त्यांना काय वाटेल, याचा विचार आपण वाचताना केला पाहिजे.

याच्या शेजारी ओव्यांचा संग्रह ठेवून पाहावा. गॅझेटिअरात नांगर किती, गुरे किती याची मोजदाद मिळते. पण पहाटे उठून दळणारी बाई तेथे नावानिशी भेटत नाही. ओव्यांच्या संग्रहात गाणारीचे नाव, गाव आणि ओवीचा विषय यांची नोंद आहे. माहेर, सासर, भाऊ, लेक, पाऊस, दुष्काळ, विठोबा, आंबेडकर यांविषयी तिला काय वाटते ते तिच्याच शब्दांत आहे. ओवीतून सारावसुलीचा आकडा मिळणार नाही आणि गॅझेटिअरातून बाईचे मन कळणार नाही. एक संग्रह राज्यकर्त्याच्या गरजेतून झाला, दुसरा माणसांना ऐकून घेण्याच्या इच्छेतून. इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन्ही हवेत. मात्र कोणता कागद कोणाच्या हातचा आहे याचा विसर पडू देऊ नये.

५. जुन्या कागदाचे आजचे मोल

‘हे सारे ठीक, पण परीक्षेच्या पलीकडे याचा उपयोग काय?’ असा प्रश्न काही मित्रांनी मला विचारला. त्याचे उत्तर आपल्याच डोंगरांत आहे.

२००६ साली अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा संसदेने केला. पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणाऱ्यांना हक्क मिळावेत असा त्याचा हेतू. आदिवासी दावेदाराचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेपूर्वीचा तीन पिढ्यांचा म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा निवास दाखवावा लागतो. दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे, मग उपविभागीय समितीकडे व शेवटी जिल्हा समितीकडे जातो. आपल्या जिल्ह्यात दळीच्या जमिनींचा प्रश्न जुना आहे. डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी वनखात्याने दिलेल्या या तुकड्यांवर आदिवासी कुटुंबे राबत आली. पण हक्काचा कागद पुष्कळांच्या हाती नव्हता.

या कायद्याच्या नियमांत, म्हणजे २००८ सालच्या नियमांतील तेराव्या नियमात, कोणता पुरावा ग्राह्य धरावा याची यादी आहे. मी ती वाचली तेव्हा आश्चर्य वाटले. गॅझेटिअर, जनगणना, सर्वेक्षण व जमाबंदीचे अहवाल, नकाशे अशा सरकारी दस्तऐवजांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. आणि त्याच यादीत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचे लेखी उतरवून घेतलेले कथनही आहे. म्हणजे कलेक्टराच्या कचेरीत तयार झालेला ग्रंथ आणि वाडीतल्या म्हाताऱ्याचे बोलणे, दोन्ही कायद्याने एका पंक्तीस बसविले आहेत. जमाबंदीचे कित्येक अहवाल मुंबई सरकारने आपल्या दप्तरातील वेच्यांच्या मालिकेत छापले होते. आता असे कागद शोधण्यासाठी वाडीतल्या माणसाला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवण्याची नेहमीच गरज नाही. पण तो शोध इंग्रजीत घ्यावा लागतो, जुन्या नावांनी घ्यावा लागतो आणि मिळालेले पान मराठीत समजावून द्यावे लागते. हे काम कला शाखेचा पदवीधर करू शकतो. आपल्या पदवीला गावात काही अर्थ आहे की नाही, असा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी याचा अवश्य विचार करावा.

६. भांडारही बंद पडते

डिजिटल म्हणजे अमर, हा एक गोड गैरसमज आहे. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’चे मूळ दार २०१७ च्या सुमारास बंद झाले. लाखो पुस्तके एका दिवसात वाचकांच्या हातून जावयाची. परंतु कार्ल मालामूद या अमेरिकन गृहस्थांनी पुढाकार घेऊन त्यांतील फार मोठ्या भागाच्या प्रती इंटरनेट आर्काइव्हमध्ये आधीच ठेवल्या होत्या, म्हणून ती आज वाचता येतात. यावरून एवढेच शिकावयाचे की, एका ठिकाणी ठेवलेली वस्तू सुरक्षित नसते, मग ती कपाटात असो वा संगणकात. जुन्या काळी पोथीच्या नकला करून वेगवेगळ्या मठांत ठेवीत, त्यामागचे शहाणपण हेच होते.

आपल्याकडे तर याची जाणीव अधिक तीव्र असावयास हवी. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. माणसे गेली त्याचे दुःख कशानेही भरून येणार नाही. पण वाडीबरोबर घराघरांतले कागद, फोटो, म्हाताऱ्यांच्या मुखातली गाणी, शेतांची व ओढ्यांची नावेही जातात, आणि ती पुन्हा कोणत्याही संग्रहात मिळत नाहीत. कारण ती कोणी तेथे ठेवलेलीच नव्हती.

७. आपण काय करू शकतो?

आतापर्यंत आपण वाचक म्हणून विचार केला. परंतु ही ग्रंथालये घेणाऱ्याइतकीच देणाऱ्यालाही खुली आहेत. माझ्या अल्पमतीप्रमाणे आपल्या महाविद्यालयाला पुढील कामे करता येतील.

पहिले काम कायद्याची मर्यादा समजून घेण्याचे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो व त्यापुढील १ जानेवारीपासून ते लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली निवर्तले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०१७ पासून. आपल्या शेजारच्या बदलापूर गावाचा साद्यंत अभ्यास करणारे ना. गो. चापेकर १९६८ साली निवर्तले. तेव्हा १९३३ सालचा त्यांचा तो ग्रंथ १ जानेवारी २०२९ रोजी मुक्त होईल. तोपर्यंत तो ग्रंथालयातून आणून वाचावा. गावाचा अभ्यास कसा करावा याचा तो नमुनाच आहे. सरकारी प्रकाशनाला मात्र प्रसिद्धीपासून साठ वर्षांची मुदत असते. म्हणून १९६४ चे कुलाबा गॅझेटिअर २०२५ पासून मुक्त झाले आहे.

दुसरे काम मुद्रितशोधनाचे. विकिस्रोतावर मराठीतील कितीतरी पाने अजून पिवळी किंवा हिरवी व्हावयाची आहेत. वर्गातील दोघांनी मिळून दिवसाला दोन पाने तपासली, तर वर्षअखेर एक पुस्तक मराठी वाचकांना निर्दोष मिळेल. शुद्धलेखन सुधारेल तो लाभ निराळाच.

तिसरे काम आपल्या परिसरातील कागद जमविण्याचे. देवस्थानांच्या व शाळांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे जुने अहवाल, भाई कोतवालांच्या स्मृतिदिनाची पत्रके, निवडणुकीची पत्रके यांना आपण रद्दी समजतो. पन्नास वर्षांनी हीच इतिहासाची साधने ठरतात. मालकाची परवानगी घेऊन त्यांची स्वच्छ छायाचित्रे काढावीत, गाव व वर्ष यांची नोंद करावी, नाव देवनागरी व रोमन दोन्ही लिप्यांत लिहावे, आणि प्रती किमान दोन ठिकाणी ठेवाव्यात.

चौथे काम सर्वांत नाजूक. वाड्यांतील वृद्धांचे कथन व गाणी ध्वनिमुद्रित करावयाची असतील, तर त्यांना आधी नीट सांगावे की हे कोठे ठेवले जाणार व कोण ऐकणार. नको म्हणाले तर यंत्र बंद करावे. बोलणाऱ्याचे नाव द्यायचे की नाही हे त्यानेच ठरवावे. आणि मुद्रण झाल्यावर त्याची प्रत प्रथम त्याच वाडीला द्यावी. ठाकूर-कातकऱ्यांविषयी आजवर पुष्कळांनी लिहून नेले. त्यांच्या हाती त्यातले फार थोडे परत आले. ही रीत आपण तरी मोडावी. त्या वाड्यांतील आपले सहाध्यायीच या कामात पुढे असावेत, असे मला मनापासून वाटते. भाषा त्यांची आहे, माणसे त्यांची आहेत. इतरांनी त्यांना साह्य करावे.

या कामांची सुरुवात घरापासून, म्हणजे या वार्षिक अंकापासूनच करता येईल. आपल्या अंकाचे जुने खंड ग्रंथालयात बांधून ठेवलेले आहेत. त्यांत या भागातील विद्यार्थ्यांच्या कथा, प्रवासवर्णने, गावांची वर्णने आणि प्राध्यापकांचे लेख आहेत. ज्यांचे लेखन आहे त्यांच्याशी संपर्क साधून संमती घ्यावी आणि मिळेल तेवढे सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावे. प्राचार्य, ग्रंथपाल व इतिहास विभागातील गुरुजनांनी मार्गदर्शन केल्यास एका सत्रात हे होण्यासारखे आहे. मी व माझ्या वर्गातील काही मित्र-मैत्रिणी त्यासाठी वेळ देण्यास तयार आहोत.

समारोप

तात्पर्य, सार्वजनिक डिजिटल ग्रंथालय ही मोठी सोय आहे. परंतु कोणी जमविले, कशासाठी जमविले, कोणत्या नावाखाली ठेवले आणि काय ठेवायचे राहिले, हे चार प्रश्न विचारणाऱ्यालाच ती फलदायी होते. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे अभ्यासाने मिळतात. चौथ्याचे उत्तर केवळ वाचून मिळत नाही. राहिलेले आणून ठेवावे लागते. कर्जत-खालापूरचे जे राहिले आहे ते आणून ठेवण्यास दुसरे कोणी येईल अशी वाट पाहू नये. ज्यांना या कामात सहभागी व्हावयाचे आहे त्यांनी ग्रंथालयात ठेवलेल्या वहीत आपले नाव, गाव आणि आपल्याकडे कोणते जुने कागद आहेत, एवढे लिहून ठेवावे, ही नम्र विनंती.